खिशातलं हत्यार

एमेट रस्कने ते रिव्हॉल्व्हर अकरा वर्षं खिशात वागवलं आणि उडवलं एकंदर पाच वेळा. ते पाचही बार विकत घेतलं त्याच दुपारी, गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत काढलेले. पाचव्या बारानंतर त्याने उजवा हात काखेत दाबून धरला, आसपास कुणी नाही ना ते पाहिलं आणि एक सणसणीत शिवी हासडली. अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं सोलून निघालं होतं. घरी आल्यावर लुसिलने, त्याच्या बायकोने, विचारलं, "कसं आहे नवं?" तर हा म्हणाला, "लोण्यासारखं."

वजनापुरतं ते खरंही होतं. लोण्याच्या तीन वड्या तराजूत टाकल्या तर जेवढं भरेल तेवढंच. नळी दोन बोटांची, चक्रीत काडतुसं पाच, अंग हलक्या धातूचं. पँटच्या खिशात टाकलं की विसरून जावं. पण हत्यार जितकं हलकं तितकी बार उडताना बसणारी त्याची लाथ जबर, हे अमेरिकेतल्या मिझुरीच्या त्या डोंगराळ मुलखातल्या प्रत्येक बंदुकीच्या दुकानदाराला ठाऊक असतं. ठाऊक असूनही तो हे हत्यार नेमकं बायकांना आणि म्हाताऱ्यांनाच विकतो, 'तुमच्या हाताला झेपेल असं' म्हणून. आणि लोक घेतात.

तिथे हत्यार बाळगण्यात मर्दुमकी वगैरे काही नाही. सकाळी पँट चढवली की किल्ल्या, चाकू, पाकीट आणि रिव्हॉल्व्हर आपापल्या जागी जातात. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकताना खिसे बाकावर खटखट आपटतात आणि पाद्री ऐकून न ऐकल्यासारखं करतो. बाळगतात सगळे. उडवून बघतात किती, हा प्रश्न मात्र विचारायचा नसतो. एमेटलाही कुणी विचारला नाही.

उलट एमेट हा त्या गावात बंदुकीतला जाणकार. शाळेच्या बसेस दुरुस्त करण्यात त्याची उभी हयात गेली, पण नाव झालं ते घरी काडतुसं भरण्यात. गॅरेजात त्याचं टेबल होतं. वापरलेली पितळी टरफलं घासूनपुसून तो त्यांत दारू आणि नवी गोळी भरायचा. नाताळात मित्रांना त्याच्याकडून पन्नास-पन्नास काडतुसांची डबी जायची, वर स्वतःच्या हाताने नाव लिहिलेली. दर शनिवारी गावच्या हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर म्हातारे जमत, आणि "एमेटची काडतुसं म्हणजे काय बोलायचं!" हे वाक्य अंड्यांच्या आधी यायचं. लुसिल गेल्यावर माणसाकडे एवढंच उरलं होतं. एवढंच आणि एक मुलगी.

मुलगी म्हणजे ट्वायला, वय अडतीस. आठ वर्षं केंडल प्रॅटरबरोबर संसार केला आणि गेल्या वर्षी मनगटात पिन घालून बाहेर पडली. मनगट दारात चिरडलं होतं. दार केंडलने लावलं होतं, हात मध्ये आहे हे पाहून. कोर्टाने केंडलला वर्षभर तिच्याजवळ फिरकायला बंदी केली, हत्यारं बाळगायलाही बंदी केली. हत्यारं त्याने इमानदारीत घराबाहेर काढलीही, म्हणजे पलीकडच्या घरात, आपल्या आईकडे ठेवली. ट्वायलाने गाव सोडलं, दुसरीकडे खोली घेतली, गुरांच्या दवाखान्यात नोकरी धरली. पत्ता कोर्टाच्या कागदांवरसुद्धा झाकलेला होता. तो एमेटला ठाऊक होता आणि त्याच्याशिवाय फारसा कुणाला नाही.

आता ते वर्ष संपत आलं होतं. बंदी आणखी वाढवायची की नाही, ते पुढच्या गुरुवारी ठरायचं होतं. त्याआधीच्या शनिवारी ट्वायला हत्यार बाळगायच्या परवान्याच्या परीक्षेला बसणार होती. बंदी गेली तर निदान पर्समध्ये काहीतरी असावं, एवढाच तिचा हिशेब.

एमेटने ते काहीतरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं.

"डॅडी, हे तुझं आहे."

"आता तुझं. पर्समध्ये आहे की नाही, कळायचंसुद्धा नाही."

"उडवायला कसं आहे?"

एमेट कॉफी ढवळायला लागला. कॉफी काळी होती, साखरसुद्धा नव्हती. "चांगलं आहे," तो म्हणाला.

"माझं मनगट बघ ना. डॉक्टर म्हणतो जड उचलू नको, आणि झटका तर अजिबात नको."

"म्हणून तर हलकं देतोय! आणि काडतुसं माझी. दुकानातला माल नाही. दाराशी कुणी आलं तर पाच पुष्कळ झाली."

"कुणी नाही, डॅडी. केंडल. नाव घ्यायला तुझी जीभ अजून का अडखळते?"

एमेटने चमचा पुन्हा कपात घातला. केंडल आणि तो सात मोसम एकत्र हरणांच्या मागे हिंडले होते. मुलगी पहिल्यांदा सुजलेला ओठ घेऊन आली, तेव्हा हा बाप म्हणाला होता, "दोघांचंही ऐकायला हवं." ते वाक्य तिने कधी परत काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं एमेटला कधीकधी वाटायचं.

परीक्षा त्याच खडीच्या खाणीत होती. घेणारी विल्मा हकबी, साठीची, धिप्पाड, एकेकाळी शाळेची बस चालवणारी. तिच्या बसचे ब्रेक एमेटनेच कितीदा दुरुस्त केले होते. सात यार्डांवर माणसाच्या आकाराचा कागद, वीस गोळ्या, पंधरा लागायला हव्यात. त्या सकाळी सहा उमेदवार होते. बापाला खरं तर तिथे काही काम नव्हतं. तरी तो घडीची खुर्ची घेऊन मागे बसला होता.

विल्माने ट्वायलाच्या हातातलं पाहिलं आणि भुवया वर नेल्या. "हे कुणी दिलं गं?"

"डॅडीने."

"एमेट, अरे, पोरीवर राग आहे का तुझा? आणि या डबीवर तुझं नाव कशाला? काडतुसं दुकानातलीच आणा, असं मी फोनवर प्रत्येकाला सांगितलंय."

"दुकानवाला माझ्याकडून शिकून जातो, विल्मा. तुझ्या नवऱ्याने मरेपर्यंत माझीच वापरली."

"तो बिचारा माझा स्वयंपाकही मरेपर्यंत खात होता," विल्मा म्हणाली. सगळे हसले. पण नवऱ्याचं नाव निघाल्यावर तिने ताणलं नाही, आणि ही तिची चूक झाली.

पहिला बार झाला तशी ट्वायलाच्या तोंडून श्वास सुटल्यासारखा आवाज आला. दुसऱ्याला तिने डोळे मिटले. तिसऱ्याच्या आधीच नळी खाली झुकली, कारण हाताला आता पुढे काय येणार ते कळलं होतं. पाचांतल्या दोन कागदाला लागल्या. तिने मनगट पोटाशी धरलं, मागे वळून एमेटकडे पाहिलं, मग काही न बोलता पुन्हा पाच भरली. एमेटला तिच्या जागी स्वतःचा तो सोललेला हात दिसला. उठून सांगावं, बाई गं, मलाही झेपलं नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. तो खुर्चीतून उठलाही. मग शेजारचा उमेदवार आपल्याकडे बघतोय हे पाहून पाय मोकळे करायला उठल्यासारखा उभा राहिला.

दुसऱ्या फेरीत तीन बार झाले आणि चौथ्याला चाप हलेना. ट्वायलाने जोर लावला, दोन्ही हातांची बोटं लावली. चक्री जागची सरकत नव्हती.

"थांब. तशीच धर," म्हणत विल्माने रिव्हॉल्व्हर तिच्या हातातून घेतलं, नळी मातीच्या ढिगाकडे ठेवून बाजूने निरखलं आणि बोटाने एमेटला बोलावलं. "ये. बघ तुझी कारागिरी."

न उडालेल्या एका काडतुसातली गोळी टरफलातून पुढे सरकून चक्रीच्या बाहेर डोकावत होती. जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. तेवढ्याने चक्री अडली होती.

"टरफलाचं तोंड गोळीवर आवळलं होतंस का?"

"चाळीस वर्षं भरतोय मी."

"पोलादी हत्यारासाठी भरतोयस. ते जड असतं, धक्का पिऊन टाकतं. हे हलकं लाथ मारतं तेव्हा टरफल मागे खेचलं जातं आणि सैल गोळी जागेवर राहते. दोन-तीन बारांत ती बाहेर येते. हे तर माझे विद्यार्थीसुद्धा सांगतील, एमेट. तू यातून तुझी काडतुसं कधी उडवलीच नाहीस का?"

नव्हती उडवली. ते पहिले पाच बार दुकानातल्या काडतुसांचे होते.

"म्हणजे दारात केंडल असता," ट्वायला सावकाश म्हणाली, "तर माझ्याकडे पाच नव्हतीच."

मग तीच पुढे म्हणाली, आवाज न चढवता, "लग्नात त्याला तू तुझं चार इंची नळीचं पोलादी दिलंस. तुझं स्वतःचं, सगळ्यात चांगलं. सगळ्या गावासमोर. आणि मला हे."

"त्या वेळी मला काय ठाऊक होतं!"

"त्या वेळी नव्हतं. आता होतं ना?"

विल्माने मध्ये पडून आपलं रिव्हॉल्व्हर तिच्या हातात दिलं. जुनं, पोलादी, चांगलं किलोभराचं. "जड आहे, पण चावत नाही. नव्याने सुरू कर. वीसच्या वीस."

एकोणीस लागल्या. शेवटच्या पाचांची भोकं तर बशीखाली झाकता आली असती. ट्वायला ओठ चावून नेम धरत होती, थेट लुसिल सुईत दोरा ओवायची तशी. एमेटचा ऊर भरून आला आणि कुणी न विचारता तो शेजारच्याला म्हणाला, "माझी मुलगी आहे ही."

जाताना तिने ते हलकं त्याच्या हातावर ठेवलं. "हे तुझ्याच खिशात बरं."

"मी काढून देते ना आतली दोन," विल्मा म्हणाली, "लाकडाच्या काडीने गोळी मागे रेटली की चक्री उघडेल."

"मला येतं," म्हणून एमेटने ते खिशात घातलं. घरी गेल्यावर गॅरेजातल्या टेबलावर ठेवलं, दिवा लावला, त्या बाहेर आलेल्या गोळीकडे थोडा वेळ पाहिलं आणि दिवा मालवला. ती काढायची म्हणजे डबीतली उरलेली चाळीस तपासायला हवीत. मग नाताळात वाटलेल्या डब्या आठवायला हव्यात, आणि चौघांना फोन करून तोंडाने कबूल करायला हवं. त्यापेक्षा उद्या बघू. उद्या रविवार होता. सकाळी त्याने पँट चढवली, आणि किल्ल्या, चाकू, पाकिटाबरोबर ते अडकलेलं रिव्हॉल्व्हरही आपल्या जागी गेलं.

चर्चमधून तो घरी गेला नाही. प्रार्थना चालू असतानाच त्याच्या मनाने घेतलं होतं की आपलं चार इंची पोलादी परत आणायचं आणि पोरीच्या हातात ठेवायचं. झाल्या सगळ्यावर एवढा एक उतारा त्याला दिसत होता. विचार चांगलाच होता. माणूस आधी वकिलाला विचारता तर आणखी चांगला झाला असता. पण आपण दिलेली वस्तू मागायला वकील कशाला, असं एमेटला वाटलं.

केंडलच्या आईच्या दारात गाडी थांबली तर केंडलच ओसरीवर बसलेला. उठून उभा राहिला, टोपी काढली. "पॉप! किती दिवसांनी! या, बसा. आई, चहा आण गं, बर्फ घालून. पॉप आलेत."

एमेट बसणार नव्हता. पण टोपी काढलेल्या माणसासमोर उभं राहून भांडणं त्याला कधी जमलं नाही. तो बसला.

"गुडघा कसा आहे?"

"आहे आपला."

"यंदा तुमच्याशिवाय रानात जायचं म्हणजे... खरं सांगू? मन लागत नाही. आणि मला तर बंदूकच धरता येत नाही सध्या. आईच्या कपाटात कुलपात आहेत सगळ्या. मी किल्लीसुद्धा मागत नाही, विचारा तिला."

"त्यासाठीच आलोय," एमेट म्हणाला. "माझं चार इंची. ते मला परत पाहिजे."

"तुमचंच आहे ते. आत्ता दिलं असतं, पण मला हात लावायची मनाई, आणि आईने परस्पर दिलं तर म्हणतील केंडलने हत्यारं फिरवली. वकिलाला विचारतो, मग लगेच." केंडल थोडं पुढे वाकला. "ट्वायलासाठी?"

"तिला परवाना मिळेल आता. काल परीक्षा झाली." आणि मग एमेटला राहवलं नाही. "विसातल्या एकोणीस लागल्या! विल्माचं हत्यार, कधी हातात न धरलेलं, आणि एकोणीस!"

"क्या बात है! तुमचीच मुलगी." केंडल मनापासून हसला, निदान तसं दिसलं. "विल्माची परीक्षा सकाळी आठलाच असते, म्हणजे काल लवकर निघावं लागलं असेल बिचारीला. थंडीत, त्या वळणांवरून."

"छे, चाळीस मिनिटं. डंकन्स मिलहून रस्ता—"

तिथे एमेट थांबला. गावाचं नाव तोंडातून जाण्याआधी थांबायला हवं होतं.

केंडलने ऐकलंच नाही असं दाखवलं. चहाचा ग्लास पुढे सरकवला आणि सहज विचारलं, "अजून उजव्याच खिशात का तुमचं ते छोटं?"

"पँट घातली की ते आलंच," म्हणत एमेटने खिशावर थाप मारली. सवयीने मारली, जुन्या दोस्तासमोर मारतात तशी. जाळीच्या दाराआड केंडलची आई उभी होती, तिने ते पाहिलं.

त्या रात्री आणि पुढचे तीन दिवस तो ट्वायलाला फोन करायचं ठरवत होता. 'डंकन्स मिल' म्हणजे काय मोठं, तिथे हजार माणसं राहतात, असं तो स्वतःला समजावायचा. बुधवारी फोन केलाही, तर तिनेच विचारलं, "मनगट शेकायला गरम की गार रे, डॅडी?" आणि ते राहून गेलं.

गुरुवारी कोर्टात जाताना त्याने रिव्हॉल्व्हर गाडीच्या कप्प्यात ठेवलं. उजवा खिसा रिकामा, त्यामुळे चालताना पँट एका बाजूने वर चढल्यासारखी वाटत होती. बाकांवर नाश्त्याच्या टेबलावरचे दोघे आले होते, खास त्याला धीर द्यायला.

केंडलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो बोलला ते अदबीने आणि हळू. वर्षभरात त्याने एकदाही आदेश मोडला नाही. "आणि सर, मनात आणलं असतं तर जाता आलं असतं. ती डंकन्स मिलला राहते, हे मला रविवारी कळलं. तिच्या वडिलांनीच सांगितलं, आमच्या ओसरीवर बसून. आज गुरुवार आहे. मी त्या दिशेला गाडीसुद्धा वळवली नाही. उलट आईच झोपत नाही तेव्हापासून. ते खिशात हत्यार घेऊन आले होते, खिशावर थाप मारून दाखवलं, आणि म्हणाले ट्वायलाला आता विसातल्या एकोणीस लागतात."

शब्द न् शब्द खरा होता.

ट्वायलाने मान वळवून बापाकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या पत्त्यावर भलताच माणूस दार उघडायला यावा तसं पाहिलं. एमेट बुटांकडे बघत राहिला.

तिची वकीलबाई, बायकांच्या मदतकेंद्राने दिलेली, तरुण होती पण तिखट होती. तिने दहा मिनिटांची सुट्टी मागून घेतली आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये एमेटला भिंतीशी गाठलं. "ट्वायला म्हणते ते रिव्हॉल्व्हर शनिवारी अडकलं होतं. तुम्ही दुरुस्त केलंत?"

"नाही अजून."

"म्हणजे रविवारी ते उडूच शकत नव्हतं?"

"नाही."

"देव पावला! हेच सांगायचं, जसंच्या तसं. बंद पडलेलं हत्यार घेऊन कुणी धमकी द्यायला जात नाही. सवयीने खिशात राहिलं होतं, चालत नव्हतं, चूक माझी. बस्स. बाकी मी बघते. मिस्टर रस्क, सगळं आता या एका गोष्टीवर आहे. कळतंय ना?"

"कळतंय."

ट्वायला दोन हातांच्या अंतरावर उभी होती. ती एवढंच म्हणाली, "सांग हं, डॅडी."

शपथ घेऊन तो बसला. समोर न्यायाधीश, डावीकडे केंडल, आणि बाकांवर ते दोघे, ज्यांच्या कपाटात याच्या नावाच्या डब्या होत्या. त्यांतला एक त्याच्याकडे बघून मान हलवत होता, 'घाबरू नकोस' म्हणून. वकीलबाईने विचारलं, "रविवारी तुमच्या खिशात रिव्हॉल्व्हर होतं?"

"होतं. असतंच."

"ते चालू स्थितीत होतं का?"

'नाही.' दोन अक्षरं. एमेटला ती तोंडात आलेली जाणवलीसुद्धा. पण आत्ताच भर कोर्टात त्याचं एक पितळ उघडं पडलं होतं, तोंड सैल सुटल्याचं. त्यावर लगेच हे दुसरं? आपण भरलेली काडतुसं तिसऱ्या बारानंतर दगा देतात, अकरा वर्षं खिशात वागवलेलं हत्यार आपल्यालाच झेपत नव्हतं, हे या दोघांच्या तोंडावर सांगायचं? शनिवारी मग कुठल्या खुर्चीत बसायचं?

"माझं हत्यार नेहमी चालू असतं," एमेट रस्क म्हणाला.

वकीलबाईचा चेहरा पांढरा पडला. "पण शनिवारी परीक्षेत ते अडकलं होतं. तुम्ही आत्ता बाहेर मला—"

"थोडं अडकलं होतं. तेव्हाच नीट केलं मी."

"भरलेलं होतं?" हा प्रश्न न्यायाधीशाने विचारला.

"होय, सर."

न्यायाधीशाला दुपारच्या आत आणखी नऊ प्रकरणं उरकायची होती. त्याने चष्मा काढला आणि जे सांगितलं त्याचा अर्थ एवढा होता, की वर्षभर एका बाजूने आदेश पाळलेला दिसतो, आणि भरलेलं, चालू हत्यार घेऊन दुसऱ्याच्या दारात जाणं घडलं ते या बाजूकडून. मुदतवाढ नाकारली. आदेश महिनाअखेर संपेल, आणि प्रतिवादीला त्याची हत्यारं परत घ्यायची मुभा राहील.

जाताना केंडलने एमेटला टोपी काढून नमस्कार केला. बाकावरचे दोघे आले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ताठ बोललास." एमेटने त्यांचा हात झटकायला हवा होता. त्याने मान डोलावली.

गाडी उभी होती तिथपर्यंत तो ट्वायलाच्या मागे जवळजवळ पळतच गेला. तिने मागचं दार उघडलं. सीटवर दोन बॅगा, दिवा, उशा, कुकरसकट भांड्यांचं खोकं भरलेलं होतं. कोर्ट काय म्हणेल याची वाट न बघताच तिने निम्मं घर बांधून आणलं होतं. एक बॅग सरकून खाली आली होती, ती तिने वर नीट लावली.

"ट्वायला, ऐक. मी आत्ता परत जातो, सांगतो त्यांना. तुझ्या वकीलबाईला बोलाव."

"काय सांगशील? शपथेवर खोटं बोललो म्हणून? कुणी ऐकणार नाही आता, डॅडी. पुढचं प्रकरण सुरू झालं आत."

"त्या दोघांसमोर मला... तुला कसं सांगू..."

"मला कळलं रे. तुझ्याकडेच बघत होते मी. तू ते गिळलंस ना, ते मला दिसलं." ती गाडीत बसली, काच खाली केली. डोळे कोरडे होते आणि त्याचाच एमेटला धसका बसला. "मारायचा तेव्हा केंडलला निदान राग आलेला असायचा."

"कुठे चाललीस? निदान गाव तरी सांग. बाप आहे मी तुझा."

"माहीत आहे."

"मी कुणाला सांगणार नाही. लुसिलची शपथ."

"सांगशील," ट्वायला म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आजारी माणसाला समजवावं तसं ती सावकाश बोलत होती. "कुणीतरी टोपी काढेल, तुझा गुडघा विचारेल, आणि तू सांगशील. तुला दुसरं येतच नाही, डॅडी. फोन मी करेन. तू नको करूस, हा नंबर मी आज बंद करतेय."

तिने काच वर घेतली. एमेटने काचेवर हात ठेवला, तो तिने गाडी सुरू करेपर्यंत तसाच राहू दिला.